इपॉक्सीचा लेप आणि त्याखालची जमीन

नाशिक शहर तांब्यापितळेच्या भांड्यांविषयीं पूर्वापार प्रसिद्ध आहे. तेथील भांडी बाजाराच्या आसपास ज्यांनीं कल्हईवाल्याचें काम लक्ष देऊन पाहिलें असेल, त्यांस एक गोष्ट सहज आठवेल. कल्हईवाला कथिलाची कांडी हातीं घेतो ती अगदीं शेवटीं. तत्पूर्वीं त्याचा सारा वेळ भांडें घासण्यांत, तें तापविण्यांत आणि नवसागर टाकून त्याचा मळ काढण्यांत जातो. कथील फिरविण्यास लागतात ते थोडे क्षण. मळक्या पितळेवर कथील धरत नाहीं, थेंब थेंब होऊन घरंगळतें, हें त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक असतें.

गॅरेजच्या झिजलेल्या काँक्रीटवर इपॉक्सीचा लेप देण्याचें काम ह्याच जातीचें आहे. लेप चढविण्यास एक-दोन दिवस पुरतात. जमीन तयार करण्यास मात्र आठवडा लागला तरी तो फार नव्हे. परंतु मालकाच्या नजरेंत भरते ती शेवटची चकाकी. तिच्याखालीं काय केलें अथवा काय केलें नाहीं, तें झाकलें जातें. मग दोन-चार महिन्यांनीं मोटारीच्या चाकांखालचा लेप पोपड्यासारखा निघूं लागला, म्हणजे दोष मालाचा कीं कारागिराचा, असा वाद सुरू होतो. बहुतेक वेळां दोष दोहोंचाही नसून, जी तयारी व्हावयास हवी होती ती न झाल्याचा असतो. आणि ही चूक मागाहून सुधारतां येत नाहीं. लेप खरवडून काढणें हें तो लावण्यापेक्षां अधिक कष्टाचें व अधिक खर्चाचें असतें.

प्रथम हा लेप म्हणजे काय, तें पाहूं. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्ताँ यांनीं १९३० नंतरच्या दशकांत कृत्रिम दातांच्या कामीं उपयोगी पडेल असें साहित्य शोधीत असतां इपॉक्सी राळेचा हा गुण हेरला. पुढें अमेरिकेंत सिल्व्हन ग्रीनली यांनीं रंगलेपांच्या दृष्टीनें त्याच मार्गानें काम केलें. १९४६ च्या सुमारास ही राळ अरल्डाइट ह्या नांवानें बाजारांत आली, आणि मोडलेल्या वस्तू सांधण्याच्या निमित्तानें तें नांव आपल्याकडेही घरोघर परिचयाचें झालें. इपॉक्सीचे दोन भाग असतात: एक राळ व दुसरा हार्डनर. दोन्ही ठराविक प्रमाणांत मिसळले कीं त्यांचे अणुसमूह एकमेकांत गुंफले जाऊन कठीण जाळें तयार होतें. म्हणजे साधा तैलरंग जसा हवेंत वाळतो तसा हा लेप वाळत नाहीं; तो आपल्या आपणांतच जुळून येतो. एकदां जुळला कीं तेल, पेट्रोल, सौम्य आम्ल ह्यांस तो सहसा दाद देत नाहीं.

परंतु हें सामर्थ्य किती पातळ पडद्यांत साठविलेलें असतें, ह्याचा हिशेब करून पाहावा. तीन मीटर रुंद व सहा मीटर लांब अशा गॅरेजचें क्षेत्रफळ अठरा चौरस मीटर होतें. त्यावर पाव मिलिमीटर जाडीचा थर द्यावयाचा, तर उडून जाणारा पातळक नसलेला लेप अवघा साडेचार लिटर लागतो. पाव मिलिमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याहूनही कमी. असा पडदा मोटारीचा भार स्वतः पेलीत नाहीं. भार पेलतें तें खालचें काँक्रीटच. लेपाचें काम एवढेंच कीं, त्या काँक्रीटला घट्ट धरून राहावें. आणि धरावयाचें तें काँक्रीटच जर भुसभुशीत, तेलकट किंवा ओलें असेल, तर लेप कितीही बळकट असो, तो निघून येतांना आपल्याबरोबर खालची भुकटी घेऊन येतो. निघालेला पोपडा उलटा करून पाहावा. त्याच्या पाठीला सिमेंटची राखाडी पूड चिकटलेली दिसली, तर दोष लेपाच्या पकडींत नव्हता, तो काँक्रीटच्या वरच्या कातडींत होता असें निश्चित समजावें.

ही कातडी दुबळी कां होते? दूध तापवून ठेवलें असतां त्यावर साय धरते, त्याप्रमाणें ओलें काँक्रीट पसरल्यावर पाणी वर येतें व आपल्याबरोबर सिमेंटचे अतिसूक्ष्म कण आणतें. गवंड्यानें काम सोपें व्हावें म्हणून पाणी अधिक घातलें असेल, अथवा वर आलेलें पाणी टिपण्यासाठीं कोरें सिमेंट भुरभुरवून थापीनें घोटलें असेल, तर ही साय अधिकच जाड होते. दिसावयास ती गुळगुळीत व सुंदर, परंतु अंगीं बळ नसलेली. पुढें पुरेसे दिवस पाणी मारलें गेलें नाहीं, तर तिची धूळ होऊं लागते. रोज झाडावें आणि रोज तितकीच पांढुरकी धूळ केरसुणीस लागावी, अशी कित्येक गॅरेजांची स्थिति असते. त्यावर मोटारीचीं चाकें एकाच जागीं वळतात, इंजिनाचें तेल ठिबकतें, पावसाळ्यांत चाकांबरोबर चिखल व खडे येतात. आणि जमीन झिजत जाते.

नाशिक भागांत आणखी एक कारण जमिनीच्या खालीं दडलेलें असतें. जिल्ह्यांत मुरुमाड जमीन आहे तशीच काळी मातीही पुष्कळ आहे. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आटून भेगाळते. तिच्यावर मुरुमाची पुरेशी भर न घालतां आणि दगडांचें सोलिंग न करतां काँक्रीट ओतलें असेल, तर खालची माती दरवर्षीं श्वासोच्छ्वास करावा तशी वरखालीं होते, आणि वरच्या जमिनीस भेगा पडतात. शिवाय जुन्या बांधकामांत काँक्रीटखालीं प्लास्टिकचा कागद अंथरण्याची पद्धति नसे. त्यामुळें जमिनींतली ओल काँक्रीटच्या सूक्ष्म नळ्यांतून सारखी वर येत राहते. उघड्या जमिनींतून ती वाफ होऊन उडून जाते, म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. इपॉक्सीनें वाट बंद केली कीं तीच ओल लेपाखालीं कोंडते, क्षार गोळा करते व लेपास फोड आणते.

यास्तव काम हातीं घेण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा करणें अवश्य आहे. ह्या परीक्षा सोप्या असून घरच्या घरीं होण्याजोग्या आहेत.

पहिली परीक्षा पाण्याच्या थेंबाची. जमीन झाडून निरनिराळ्या ठिकाणीं पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब कांहीं मिनिटांत जिरून तेथें काळसर डाग उमटला, तर काँक्रीटचीं रंध्रें उघडीं आहेत. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला, तर तेथें तेल मुरलेलें आहे किंवा पूर्वीं कोणी मेण अथवा रोगण लावलेलें आहे. जेथें पाणी शिरत नाहीं तेथें राळही शिरणार नाहीं.

दुसरी परीक्षा आवाजाची. माठ विकत घेतांना आपण तो टिचकी मारून पाहतों. त्याचप्रमाणें लहान हातोडीनें जमीन हातभर अंतरावर ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर जमीन भरींव. बद्द आवाज आला तर वरचा थर खालच्यापासून सुटलेला. अशा जागेभोंवतीं खडूनें रेघ ओढावी. तेवढा भाग छन्नीनें काढून पुनः भरावा लागेल. तिसरी परीक्षा खिळ्याची. जाड खिळा दाबून ओढला असतां केवळ चरा उठला तर ठीक. खोबणी पडून पूड निघाली तर ती साय अजून शिल्लक आहे.

चौथी परीक्षा ओलीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. हातभर लांब व हातभर रुंद, म्हणजे सुमारें अठरा इंच चौरस, असा स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेऊन त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें जमिनीस हवाबंद कराव्यात. निदान सोळा तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत, तो तसाच ठेवावा. उचलल्यावर आंतल्या बाजूस दंव दिसलें किंवा खालचें काँक्रीट काळवंडलेलें आढळलें, तर ओल वर येत आहे. एकाच ठिकाणीं न पाहतां भिंतीलगत, मध्यभागीं व दाराशीं असें पाहावें. येथें एक इशारा ध्यानांत ठेवला पाहिजे. मे महिन्यांत ही परीक्षा उत्तीर्ण झालेली जमीन ऑगस्टांतही उत्तीर्ण होईलच असें नाहीं. ज्या घरांत पावसाळ्यांत भिंतीच्या पायथ्याशीं पांढरा क्षार फुटतो, तेथील उन्हाळ्यांतल्या निकालावर विसंबूं नये. मोठ्या कारखान्यांत उपटण्याच्या यंत्रानेंही परीक्षा करतात. काँक्रीटचा पृष्ठभाग दर चौरस मिलिमीटरास सुमारें १.५ न्यूटन इतकी ओढ सहन करणारा असावा, असा साधारण दंडक आहे.

परीक्षा झाल्यावर प्रत्यक्ष तयारी. हिचा क्रम बदलतां कामा नये. प्रथम तेल, मग घासणें, मग भेगा, आणि शेवटीं धूळ. पुष्कळ लोक उत्साहानें घासण्याचें यंत्र आधींच फिरवितात. त्यानें तेलाचा डाग निघत नाहीं; उलट चाकाच्या उष्णतेनें व दाबानें तेल पसरून स्वच्छ भागांतही शिरतें.

तेलाचा डाग ताजा असेल तर लाकडाचा भुसा टाकून तो टिपून घ्यावा. जुन्या डागावर धुण्याचा सोडा कढत पाण्यांत विरघळवून ओतावा, ताठ ब्रशानें घासावें, आणि तेलकट पाणी वाळूं न देतां उचलून घ्यावें. तें वाळलें तर तेल पुनः जागच्या जागीं बसतें. त्यानें न भागल्यास खडूच्या भुकटीचा व साबणाच्या द्रवाचा जाड लगदा करून डागावर थापावा व रात्रभर प्लास्टिकनें झांकून ठेवावा. उघडल्यावर तो वाळतां वाळतां आंतलें तेल शोषून वर आणतो. एका खेपेस काम होत नाहीं. तीनचार वेळां करावें लागतें. प्रत्येक वेळीं पाण्याच्या थेंबाची परीक्षा हीच पंच. इतकें करूनही थेंब जिरेना, तर तेल खोल गेलें आहे असें समजून तेवढें काँक्रीट फोडून नवें भरावें. पेट्रोलनें डाग पुसण्याचा मोह मात्र कोणासही होऊं नये. बंद जागेंत पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते, आणि विजेच्या बटणाची एक ठिणगी तिला पुरे होते.

नंतर घासणें. जात्याचा दगड गुळगुळीत झाला कीं त्यास टाकी लावावी लागते, त्याशिवाय पीठ पडत नाहीं. जमिनीसही टाकी लावावी लागते ती ह्याच हेतूनें. हिऱ्याचे कण बसविलेल्या चकतीचें यंत्र फिरवून वरची साय काढून टाकावी. हात फिरविला असतां मध्यम काचकागदासारखा खरखरीतपणा लागला व वाळूचे कण उघडे दिसूं लागले, म्हणजे पातळ लेपापुरतें काम झालें. ह्याहून फार खोल ओरखडे काढले तर पातळ लेपांत ते तसेच उमटून दिसतात.

यंत्राचें भाडें वांचविण्यासाठीं कित्येक ठिकाणीं ॲसिड ओतण्याचा प्रघात आहे. बाजारांत म्युरिॲटिक म्हणून मिळणारें हें हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटमधील चुन्याच्या घटकांशीं संयोग पावून पृष्ठभाग खरखरीत करतें, हें खरें. परंतु तेलावर त्याची मात्रा चालत नाहीं. जेथें तेल आहे तेथें तें फेसाळतही नाहीं, आणि नेमकी तीच जागा पुढें सुटते. तसेंच, तें धुऊन काढण्यास जमीन पाण्यानें भिजवावी लागते, मागें क्षार राहतात, वाफेनें लोखंडी दारें व हत्यारें गंजतात, आणि काँक्रीटमधील सळईपर्यंत क्लोराइड पोंचलें तर तिलाही गंज लागतो. नाइलाजानें वापरावयाचेंच झालें तर नेहमीं पाण्यांत ॲसिड घालावें, ॲसिडांत पाणी कधींही घालूं नये. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, दारें उघडीं ठेवावींत; आणि त्याच जागीं ब्लीचिंग पावडर कदापि टाकूं नये, कारण दोहोंच्या संयोगानें क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

यंत्रानें घासण्यांत हे धोके नाहींत, परंतु एक निराळा व अधिक भयंकर धोका आहे, आणि तो मालकाच्या नव्हे तर मजुराच्या वांट्यास येतो. काँक्रीटच्या धुळींत सिलिकेचे अतिसूक्ष्म कण असतात. डोळ्यांस दिसते ती धूळ खालीं बसते. जी दिसत नाहीं ती श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते व तेथेंच राहते. फुप्फुस घट्ट होत जातें, श्वास अपुरा पडूं लागतो. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानि औषधानें भरून निघत नाहीं. मध्यप्रदेशांतील मंदसोर येथें शाळेच्या पाटीवरील पेन्सिली कापणाऱ्या मजुरांस ह्या रोगानें ग्रासल्याचें प्रसिद्ध आहे. ज्या पेन्सिलीनें मुलांनीं मुळाक्षरें गिरविलीं, तिची धूळ दुसऱ्या कोणाच्या छातींत जात होती. १९४८ च्या कारखाना कायद्यानें हा रोग सरकारास कळविण्याच्या रोगांच्या यादींत घातला होता. परंतु घरगुती गॅरेजमध्यें येणाऱ्या रोजंदारीच्या मजुरापर्यंत अशा कायद्याचा हात क्वचितच पोंचतो. तेथें मालकाच्या विवेकावरच सारें अवलंबून राहतें. तोंडास रुमाल किंवा उपरणें बांधून भागत नाहीं. यंत्रास धूळ ओढून घेणारा पंप जोडलेला असावा, आणि सूक्ष्म कण अडविणारा नीट बसणारा मुखवटा मजुराच्या तोंडावर असावा. पाणी शिंपडीत घासल्यास धूळ उडत नाहीं. मात्र त्यानें होणारा राडा वाळण्यापूर्वींच धुऊन काढावा लागतो, व जमीन वाळण्यास अधिक दिवस द्यावे लागतात. मालकानें ते द्यावेत. चार दिवसांच्या विलंबाची किंमत माणसाच्या श्वासाहून अधिक नाहीं.

आतां भेगा. कांहीं भेगा मेलेल्या असतात, कांहीं जिवंत. मेलेली भेग काँक्रीट आटतांना एकदांच पडलेली. जिवंत भेग खालच्या मातीबरोबर अजून उघडमीट करणारी. ओळखण्याची युक्ति जुनी आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोंकांस घट्ट चिकटवून ठेवावी. कांहीं महिन्यांनीं, विशेषतः एक पावसाळा लोटल्यावर, काच तडकली तर भेग जिवंत आहे. मेलेली भेग छन्नीनें थोडी रुंद करावी, धूळ काढावी आणि इपॉक्सींत कोरडी बारीक वाळू मिसळून भरावी. जिवंत भेग कठीण पदार्थानें भरणें व्यर्थ होय. ती शेजारीं नवी वाट काढते. तींत रबरासारखा लवचिक पदार्थ भरावा. काँक्रीट ओततांना मुद्दाम सोडलेल्या सांध्यांनाही हाच नियम लागू आहे.

सर्वांशेवटीं धूळ पुनः पुनः काढावी: केरसुणीनें नव्हे, तर ओढून घेणाऱ्या पंपानें. काळें फडकें जमिनीवर फिरवून तें काळेंच राहिलें, म्हणजे जमीन तयार झाली.

ऋतूचा विचार वेगळा केला पाहिजे. नवें काँक्रीट भरलें असेल तर त्यास निदान २८ दिवस द्यावेत. लेपाच्या वेळीं जमिनीचें तपमान दंव पडण्याच्या तपमानाहून निदान तीन अंशांनीं अधिक असावें व हवेंतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आंत असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. ह्या दृष्टीनें जून ते सप्टेंबर हे महिने नाशिकास वर्ज्यच समजावेत. दमट हवेंत लेपावर चिकट, मेणचट थर धरतो व त्यावर दुसरा हात बसत नाहीं. डिसेंबर-जानेवारींत नाशिकच्या रात्रीं पारा दहा अंशांच्याही खालीं जातो, तेव्हां राळ व हार्डनर जुळण्याचें थंडावतें. एप्रिल-मे मध्यें उलट प्रकार: डब्यांत मिसळलेली राळ आपल्याच उष्णतेनें तापून हातांतल्या हातांत दगड होते. ओल सुकल्यावरचा नोव्हेंबर, किंवा थंडी सरल्यावरचे फेब्रुवारी-मार्च हेच महिने साधावेत. दुपार कलल्यावर, जमीन निवूं लागली असतां पहिला हात द्यावा; सकाळीं जमीन तापत असतां रंध्रांतील हवा फुगून बाहेर येते व लेपांत टांचणीएवढीं छिद्रें पडतात. दोन भागांचें प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणें मापून घ्यावें, अंदाजानें नव्हे. आणि न जुळलेली राळ उघड्या त्वचेस लागूं देऊं नये, कारण तिच्यामुळें कित्येकांस जन्मभराची खाज जडते. जमिनीवरून चालणें दुसऱ्या दिवशीं शक्य झालें तरी मोटार आठवडाभर बाहेरच ठेवावी. प्रवासांत तापलेलें चाक अर्धवट जुळलेल्या लेपावर थांबलें तर निवतांना त्यास उपटून घेतें.

एवढें सारें करूनही कांहीं जमिनी लेपास योग्य ठरत नाहींत. जेथें प्लास्टिकखालीं दर खेपेस दंव जमतें आणि ओल थांबविण्याचा उपाय खर्चाच्या आटोक्यांत नाहीं, तेथें इपॉक्सी न लावणें हाच उत्तम सल्ला होय. तेथें शहाबादी फरशी बसवावी. तिच्या सांध्यांतून ओल वाट काढते व जमीन श्वास घेत राहते. तिच्यावर तेलाचे डाग पडतील, चकाकी येणार नाहीं, परंतु ती पोपडे धरून उठणारही नाहीं. कांठाला चीर गेलेलें भांडें कल्हईवाला घासून पाहतो आणि कल्हई न करतांच गिऱ्हाइकास परत देतो. त्या दिवशीं त्याची मजुरी बुडते; पण दुसरें भांडें घेऊन तेंच गिऱ्हाईक पुनः त्याच्याकडे येतें.